सहा नळ्या

नीलाताईंना आकडे आवडायचे. माणसांपेक्षा जरा जास्तच, असं त्यांचे यजमान त्र्यंबकराव गमतीने म्हणायचे, आणि त्या हसून सोडून द्यायच्या. टीबीच्या नव्या लसीची चाचणी चालू होती, तिच्या ठाण्यातल्या कामाच्या त्या प्रमुख. शीळफाट्याजवळच्या एका गावात घरोघरी रक्त घेतलं जायचं. एकाच नळीतून दोन गोष्टी कळायच्या: टीबीचा जंतू अंगात शिरलाय का, आणि रक्तगट कोणता.

काळुराम म्हात्रेच्या घरातल्या सहा नळ्या आल्या आणि सहाही एबी निगेटिव्ह निघाल्या. शंभरात एखाद्याचा असला तर असतो असा गट. काळुराम, बायको, दोन मुलगे, दोन सुना, सगळे एकजात! अहो, परक्या घरून आलेल्या दोन सुनांचा गट सासऱ्याशी जुळेल कसा, हे शेंबडं पोरही विचारेल. नीलाताईंनी नाही विचारलं. जवळच्या नात्यातली लग्नं असतील, असं त्यांनीच ठरवून टाकलं आणि हौसेने तक्ता केला. परिषदेत तो दाखवला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे धाकटी सून जया खोकायला लागली. तिचा नवरा नयन याने नीलाताईंना फोन केला. "ताई, महिना झाला, ताप पण येतोय."

"अरे, तिचा रिपोर्ट क्लिअर आहे. शीळफाट्याची धूळ, दुसरं काय? वाफ घ्यायला सांग."

थुंकी तपासायला हवी होती. नियमच होता तसा. पण रिपोर्ट होता ना हातात, स्वच्छ! दुसऱ्या महिन्यात टीबी मेंदूत गेला. जयाला ठाण्याच्या इस्पितळात नेलं, तिथल्या कागदावर रक्तगट लिहिला होता ओ पॉझिटिव्ह. नीलाताईंनी तो तीनदा वाचला. मग रक्त घेणाऱ्या महेंद्रला बोलावून घेतलं. तो मान वर करेना.

"लग्नघर होतं, मॅडम. त्या नव्या सुनेला दोनच दिवस झालेले. काळुकाका म्हणाले, हळदीच्या अंगातून रगत काढायचं नाय. बाकीच्यांनाही सवड नव्हती. त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला, सहाही नळ्यांसाठी. मला पण त्या दिवशी तीन घरं उरकायची होती."

चौथ्या दिवशी जया गेली. तेवीस वर्षांची पोर.

दहावं झाल्यावर नीलाताई गावात गेल्या. काळुराम ओट्यावर एकटाच बसला होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. सहा नळ्या पाहून आपल्याला शंका यायला हवी होती, उलट आपण खूश झालो, हेही सांगितलं. बोलताना त्यांना रडू आलं. त्याने शिव्या द्याव्यात असं त्यांना मनापासून वाटत होतं.

काळुरामने सरकून ओट्यावर त्यांना जागा केली.

"तिची आजी टीबीनंच मेलेली," तो म्हणाला. "मना ठाव होता. सोयरीक चांगली होती, म्हनून बोललो नाय. आन् टोचायला आलं तवा वाटलं, नव्या नवरीला कनाला तरास? घर एक, रगत एकच की. मीच मारली तिला, ताई."

"नाही हो. चूक माझी आहे."

"माजी हाय." त्याने आवाज खाली आणला. "नयनला सांगू नका. त्यो माज्याशी बोलतो, तेवडंच आता घर उरलंय."

तेवढ्यात नयन बाहेर आला. डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले. नीलाताईंना बघून तो समोरच उकिडवा बसला.

"ताई, एकच विचारायचं होतं. मी रोज तेच तेच आठवतोय, माझं काय चुकलं म्हणून. तिचा रिपोर्ट खरंच क्लिअर होता ना?"

काळुरामने मान खाली घातली.

"हो," नीलाताई म्हणाल्या. "क्लिअर होता."

"मग मीच उशीर केला," नयन म्हणाला, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेला.