बुरशी आणि पिवळा रंग

बाटलीतला पिवळा रंग गेल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मातीतल्या एका जंतूपासून आम्ही प्रयोगशाळेत ते पिवळं द्रव्य वेगळं काढत होतो. त्याच्या रेणूची रचना जवळजवळ उलगडली होती. एकच कोपरा अडला होता, त्यासाठी आणखी द्रव्य हवं होतं.

तेवढ्यात बाटलीत बुरशी दिसली. माझं डोकंच सटकलं. खिडकी कुणी उघडी टाकली म्हणून सगळ्यांवर डाफरले, बाटली वाफेवर तापवून बुरशी मारली आणि शुद्ध जंतू नव्याने वाढवला. तो फोफावला, पण पिवळा थेंब नाही.

“अगं बाई,” आमच्या सरांनी कपाळाला हात लावला, “बुरशी आत आधीपासूनच असणार. ते पिवळं विष तो जंतू तिला मारायलाच बनवत होता! आता शत्रूच नाही, तर कशाला कष्ट करील?”

मी बाटलीचं बूच काढलं आणि खिडकी सताड उघडली.