सुडाची तालीम

चैत्र सरत आला की साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ दिवसभराचं ऊन पिऊन बसतो आणि सूर्य मावळल्यावरही ती धग गावावर सावकाश सोडत राहतो. मंदाताईंचा आवाज तसा होता. तो कधी चढत नसे, कधी फुटत नसे. पण त्याच्या समोर दोन मिनिटं उभं राहिलं की कानशिलं तापत. आम्ही मुली रंगमंचावर वाक्यं म्हणत असू आणि त्या रिकाम्या सभागृहात शेवटच्या बाकावर, पदर खोचून, हाताची घडी घालून बसलेल्या असत. चुकलेल्या शब्दावर त्या फक्त उजवा तळहात उचलत. त्या तळहाताची भीती मला इतकी होती, की स्वप्नातही तो दिसला तर माझं बोलणं थांबे.

मंदाकिनी साळुंखे तेव्हा तिशीच्या होत्या. मुंबईत टेलिव्हिजन नवं नवं सुरू झालं, त्या पहिल्या दिवसांत त्यांनी तिथल्या नाटिकांतून कामं केली होती आणि मग एकाएकी सगळं सोडून त्या साताऱ्याला आल्या होत्या. मुलींच्या एका शाळेच्या सभागृहात, शाळा सुटल्यावर, त्या अभिनयाचा वर्ग चालवत. मी, नलिनी, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्या वर्गात दाखल झाले. ताई ‘टेलिव्हिजनमधल्या बाई’ आहेत हे साऱ्या साताऱ्याला ठाऊक होतं. त्यांचं काम मात्र कुणीही पाहिलेलं नव्हतं, कारण तो डबाच गावात कुणाकडे नव्हता. न पाहिलेल्या नक्षत्रासारखी त्यांची कीर्ती होती. ऐकीव, दूरची आणि म्हणूनच थोडी संशयास्पद. ‘एवढी मोठी होती, तर परत का आली?’ असं बायका कुजबुजत. ताईंनी त्याचं उत्तर कधी दिलं नाही. ते मला त्यांच्या आईकडून कळलं.

त्यांची आई, आक्का, कुंडलला राहत. ताई चौदा वर्षांच्या असताना त्यांचे वडील फौजेतून उत्तरेच्या सरहद्दीवर गेले आणि तिथल्या बर्फात नाहीसे झाले. तार आली तिच्यात ‘मृत’ असा शब्द नव्हता, ‘बेपत्ता’ असा होता. भाऊबंदांनी त्या शब्दाचा अर्थ लगेच लावून टाकला, कारण नदीकाठच्या उसाच्या जमिनीवर त्यांचा डोळा होता आणि विधवेला गुंडाळणं सोपं होतं. आक्कांनी बांगड्या फोडायला नकार दिला. ‘बेपत्ता म्हंजी मेला न्हवं,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि दरवर्षी नागपंचमीला कासाराकडे जाऊन हातभर हिरवा चुडा भरून येत राहिल्या. बायकांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, पाणवठ्यावर त्या आल्या की बोलणी थांबत. पण त्या चुड्याच्या बळावर जमीन नवऱ्याच्याच नावावर राहिली आणि जमिनीच्या बळावर मंदा सांगलीच्या कॉलेजात गेली, नाटकांत चमकली, मुंबईला पोचली.

मुंबईत त्यांना एक नामवंत गृहस्थ भेटले. ते स्वतः लिहीत, स्वतः बसवत. त्यांचा शब्द झेलायला माणसं उभी असत. एका दुपारी चहा पिता पिता मंदाताईंनी त्यांना आईची हकिकत सांगितली. त्यांनी डोळे मिटून ती ऐकली. ताईंना वाटलं, काय हा संवेदनशील माणूस! सहा महिन्यांनी त्यांची नवी नाटिका तयार झाली, तिच्यात आक्का होत्या, तार होती, भाऊबंद होते, कासार होता. लेखकाच्या जागी नाव मात्र त्या गृहस्थांचं होतं. मुख्य भूमिका एका गोऱ्यागोमट्या, शुद्ध बोलणाऱ्या नटीला मिळाली.

‘तुझा चेहरा खरा आहे, मंदा,’ ते म्हणाले, ‘पण खरं असतं ते पडद्यावर खोटं दिसतं. तू असं कर, हिला तुमची बोली शिकव.’

आणि ताईंनी शिकवली. महिनाभर, रोज, स्वतःच्या आईचा एकेक श्वास त्यांनी परक्या बाईच्या तोंडात घातला. मुंबईत तगून राहायचं तर एवढं गिळावं लागतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पण तालमीच्या शेवटच्या दिवशी कळलं, की अखेरच्या प्रवेशात ती नायिका हंबरडा फोडून उंबऱ्यावर बांगड्या फोडते. तेव्हा मात्र ताई उठल्या, आणि रागाच्या भरात वर्षानुवर्षं घासूनपुसून मिळवलेली शहरी भाषा गळून पडली.

‘आक्कानं बांगड्या फोडल्या न्हाईत! आजून हाईत हातात!’

‘हाईत!’ त्या गृहस्थांनी मान वेळावून, तोच हेल काढून म्हटलं. सगळे हसले. ती शिकवलेली नटीही हसली. मंदाताई पायऱ्या उतरल्या त्या थेट साताऱ्याच्या गाडीत बसल्या.

त्यानंतरची तीन वर्षं त्या आम्हाला शिकवत होत्या, असं सगळ्यांना वाटत होतं. त्या दबा धरून होत्या. दरवर्षी सांगलीत नाट्यस्पर्धा भरे. दरवर्षी मुली विचारत, ‘ताई, आपण भाग घ्यायचा का?’ आणि त्या परीक्षकांची नावं वाचून कागद खाली ठेवत. चौथ्या वर्षी त्यांनी कागद खाली ठेवला नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘नलू, उद्यापासून तू माझी आई.’

वर्गात खेड्यातून येणाऱ्या मुली होत्या, ज्यांना ही बोली आईच्या दुधातून मिळालेली होती. तरी ताईंनी माझीच निवड केली, कारण मी गोरी होते, पुस्तकी बोलत होते आणि मुंबईच्या त्या नटीसारखी दिसत होते. त्यांना दाखवून द्यायचं होतं, की अशा मुलीच्या तोंडूनही आक्कांची विटंबना न होता आक्का बोलू शकतात. मला त्यांनी सबंध उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंडलला ठेवलं. आक्कांबरोबर मी शेणानं सारवलं, उसाचं पाचट डोक्यावरून आणलं. पाचटानं गाल कापले तेव्हा रडले. आक्का मायेनं कोकमाचं तेल चोळत म्हणत, ‘लय छळतीया व्हय गं माझी लेक? तिच्या पोटात इस्तव हाय, बाळ. तू जवळ हाईस, म्हनून तुला लागतुया.’ ताई मात्र सांत्वन करत नसत. एकदा मी तार वाचायचा प्रवेश करताना खरोखरच हुंदका दिला, तर तो तळहात वर झाला.

‘रडू नकोस. ती रडली नाही. रडली असती तर मी आज कुठल्या तरी चुलीपुढे असते.’

स्पर्धेच्या अर्जावर त्यांनी शाळेचं नाव लिहिलं, स्वतःचं कुठेच लिहिलं नाही. सांगलीत कृष्णेचं पाणी त्या दिवसांत आटलेलं होतं आणि नाट्यगृहाच्या पत्र्यावर ऊन कडकडत होतं. माझा प्रयोग झाला. मी कशी बोलले, कुठे थांबले, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शेवटी मी दोन्ही हात पुढे केले, त्यांवरचा हिरवा चुडा तसाच होता, आणि पडदा पडला. मग टाळी वाजली ती थांबेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षक मंचावरून प्रत्येक प्रयोगाविषयी बोलणार होते. त्यांच्यातले मुंबईचे ते गृहस्थ ध्वनिक्षेपकापुढे आले. रेशमी झब्बा, चांदीची काडी असलेला चष्मा. माझं काम उत्तम झालं, असं म्हणाले. मग आवाज कडक करून त्यांनी सांगितलं, ‘पण ही कथा माझी आहे. मुंबईत ती गाजलेली आहे. चोरी ती चोरीच, आणि चोरताना यांनी शेवटही बिघडवला. नवरा गेलेली बाई आयुष्यभर बांगड्या मिरवते? असं कुठं असतं?’

विंगेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताईंचा श्वास मी ऐकला. तीन वर्षं त्या याच वाक्याची वाट पाहत होत्या. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तरी इतकं नेमकं उतरलं नसतं. त्या शांतपणे पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेत गेल्या आणि तिथं बसलेल्या आक्कांना हाताला धरून त्यांनी उभं केलं.

नऊवारीतली ती काळीसावळी, वाकलेली बाई साऱ्या सभागृहाला दिसली. त्यांनी दोन्ही हात वर केले, चुडा कोपराकडे घसरला.

‘आवं सायेब, हिकडं बगा जरा. मी पारू साळुंखे, कुंडलची. ही गोष्ट तुमची हाय म्हंता न्हवं? मग तुमास्नी ठावं आसंल. माझा मालक कुटं गेला, तेवढं सांगा. सोळा वरसं झाली, मी वाट बगतीया.’

एवढा मोठा माणूस. त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. ‘म्हणजे... बाई, तुम्ही...’ असं म्हणत त्यांनी आक्कांवरून नजर ताईंवर नेली आणि तिथं ती अडकली. त्यांनी ओळखलं. त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला, आणि खरं सांगते, मलाही गोड वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी त्यांचाच हेल काढून ओरडलं, ‘असं कुठं असतं!’ आणि सभागृह हसलं. स्पर्धेला आलेली मुलं हसली, आयोजक तोंडावर रुमाल धरून हसले. ते हसू थांबेपर्यंत मंदाताई उभ्या राहिल्या. मग मंचावर जाऊन, ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढून म्हणाल्या, ‘शेवट आम्ही बिघडवलेला नाही. तो अजून झालेलाच नाही.’

ते गृहस्थ चहाला थांबले नाहीत. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. वादग्रस्त संहिता नियमात बसत नाही, असं सांगण्यात आलं. पण ती हकिकत सांगलीहून साताऱ्याला, साताऱ्याहून पुण्याला आणि तिथून मुंबईला पोचली, आणि पुढे कुठेही त्यांचं नाव निघालं की पाठोपाठ ती निघे. त्या संध्याकाळी नदीच्या घाटावर बसून ताईंनी भडंगाचा अख्खा पुडा हिरव्या मिरचीशी खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. आक्का मात्र पाण्याकडे बघत हातातला चुडा फिरवत होत्या. मी शेजारीच होते. माझ्या कामाविषयी ताई एक अक्षरही बोलल्या नाहीत. ऊस तोडून झाल्यावर कोयता बाजूला ठेवतात, तशी मी तिथं बसून होते.

त्यानंतर त्या बदलल्या. तळहात खाली राहू लागला. त्या मुलींना जवळ घेत, चुकलं तरी ‘छान’ म्हणत, गूळ-शेंगदाणे वाटत. मुली त्यांच्यावर जीव टाकत. पण त्या वर्गातून पुन्हा कुणी पाहणाऱ्याचा श्वास रोखून धरील असं उभं राहिलं नाही. द्वेषानं त्यांना शिक्षक म्हणून जितकं मोठं केलं होतं, तितकं समाधानानं केलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

फार वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. आक्का केव्हाच गेल्या होत्या. ताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. माणसं, गावं, भूमिका, सगळं एकमेकांत मिसळत होतं. बोलता बोलता त्या अडखळल्या. कपाळाला आठ्या पडल्या.

‘अगं नलू, तो माणूस... सांगलीला आपण ज्याची जिरवली, त्याचं नाव काय गं?’

नाव माझ्या ओठांवर होतं. ज्या नावानं या बाईनं आपलं तारुण्य जाळलं, ज्या नावासाठी मला घडवलं, ते नाव तिच्या मनातून निसटून गेलं होतं. मी ते परत दिलं नाही.

‘मलाही आठवत नाही, ताई.’

त्यांनी मान हलवली, आणि चेहऱ्यावर असं काही निवांत पसरलं, जे मी त्या घाटावरही पाहिलं नव्हतं. आता त्याही नाहीत. ते नाव ठाऊक असलेली मी उरले आहे, आणि मी ते इथंही लिहिलेलं नाही. माणूस एकदा मरतो, पण त्याला पुरतं नाहीसं व्हायला कुणाच्या तरी आठवणीचं मौन लागतं, आणि तेवढं मौन पाळण्याइतका काळ माझ्यापाशी अजून आहे.