बिजाच्या पेल्याची परीक्षा

मी एक जुना लाकडी पेला आहे. बोदलकसा गावाजवळच्या एका सुताराने मला बिजा नावाच्या जंगली झाडाच्या गाभ्यातून कोरून काढले. संध्याकाळी माझ्यात पाणी भरून ठेवले, की सकाळी ते चहासारखे तांबूस होते. ते प्यायल्याने मधुमेह उतरतो, असे लोक म्हणत. खरे सांगतो मित्रांनो, ही वाहवा ऐकून मी चांगलाच शेफारलो होतो.

१९५६ साली मी मुर्री गावच्या झामसिंगांच्या घरी आलो. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, त्यांच्या पायाला जखम झाली होती आणि दोन महिने ती भरतच नव्हती. साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल, असे गोंदियाच्या यादोराव डॉक्टरांनी बजावले होते. झामसिंग इन्सुलिनच्या रोजच्या सुईला कंटाळले होते. त्यांचा सगळा भरवसा माझ्यावर!

डॉक्टर म्हणाले, "सुई बंद नाही होणार. सुईसोबत सात दिवस ह्या पेल्याचं पाणी घ्या, मग पाहू."

आठव्या दिवशी झामसिंग मला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळे औषध घेतले, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. रंग हिरवा झाला तर साखर थोडी, विटकरी झाला तर फार. टेबलावर बसून मी त्या नळीकडे टक लावून पाहत होतो. रंग विटकरी आला, आधीच्या तपासणीपेक्षाही गडद.

"टाका याले चुलीत!" झामसिंग ओरडले.

डॉक्टरांनी झामसिंगांच्या बायकोला, कुंताबाईंना विचारले, "पाणी कसं देता?"

"नुसतं पाणी कसं देऊ जी? आमच्या घरी नुसतं पाणी कोणालेच देत नाही. सोबत गुळाचा खडा देऊन राहिली. हे पाणी तुरट, म्हणून थोडा मोठाच."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. बिचाऱ्या कुंताबाई पदराने डोळे पुसू लागल्या. मी मात्र मनातून सुखावलो, कारण दोष गुळाचा निघाला होता.

गूळ बंद झाला. सात दिवसांनी रंग हिरवा आला. झामसिंगांनी मला कपाळाला लावले. "आता सुई कायले?"

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "गूळ सुटला म्हणून उतरली, का पेल्यानं? आता सात दिवस पितळी गिलासात साधं पाणी प्या. गूळ नाही, अन् सुई चालूच."

ते सात दिवस मी फळीवर पालथा पडून काढले. मग मला पुन्हा दवाखान्यात नेले आणि पुन्हा दिवा पेटला. नळीतले निळे औषध उकळू लागले, आणि मी मनात म्हणत होतो, विटकरी हो, विटकरी हो!

रंग हिरवाच आला. अगदी तसाच.

सुई चालू राहिली, जखम भरली आणि झामसिंग स्वतःच्या पायांनी बांधीत उतरले. माझ्यात गुण नाहीच, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. एका माणसावरून ते ठरत नाही, एवढेच म्हणाले.

मित्रांनो, मला पुसून, कोरडा करून जरूर जपा. पण माझ्या भरवशावर कोणाची सुई बंद करू नका. त्या दिवशी माझे नाव राहावे म्हणून मी एका माणसाचा पाय जावा अशी इच्छा केली होती.