नराची वाट पाहताना

माझ्याकडे माद्या बत्तीस होत्या, नर एकही नव्हता. नर नाही तर नवी जात सिद्ध होत नाही, असं माझ्या गाइड ज्योत्स्नाबाईंनी जळगावहून तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी फोन आपटलाच. आयुष्यभर हेच तर ऐकत आले होते! आम्ही तिघी बहिणी, त्यात मी धाकटी. सावद्याला आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या वडिलांना, नानांना, विचारायचा, "रतिलालभाऊ, नाव कोण चालवणार?" माझ्या जन्माला पेढे सोडा, बर्फीसुद्धा वाटली नव्हती, हे आत्यानं मला माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी सांगितलं होतं. नानांना मी ते कधी विचारलं नाही. विसरलेही नाही.

मी भुसावळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि शेतातल्या उंदरांच्या आतड्यातल्या जंतांवर संशोधन करते. हे कळल्यावर लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचा माणूस हळूच जागा बदलतो. नानांच्या केळीच्या बागेतल्या उंदरांत मला केसासारखे बारीक जंत सापडले होते, कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनात न बसणारे. पण या जंतांच्या माद्या एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा. नराच्या शेपटाशी मात्र सुपासारखा पसरट पडदा असतो, त्यात दोन काटे. जात ओळखायची ती त्यांच्यावरून.

"तुले उंदरं पाहिजे ना? मी आनतो," नाना म्हणाले. त्र्याहत्तरीचा माणूस रोज सकाळच्या एसटीनं पिंजरा घेऊन यायला लागला, वर आपला टॉवेल झाकून. कंडक्टर विचारायचा, "नाना, ह्यांचं तिकीट?" नाना सांगायचे, "पास काढू आता. कॉलेजात ॲडमिशन घेतली हाये त्यांनी."

मी उंदीर फाडायला घेतला की नाना खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत बसायचे. "पुन्हा मादीच," मी वैतागून म्हणायचे. "येऊ दे ना. मादी काय वाईट हाये?" हे त्यांच्या तोंडून ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग माझ्या वेळी काय झालं होतं?

त्यातच शेजारच्या प्रेमराजभाऊंनी शिवारातल्या सगळ्या बिळांत धुराच्या गोळ्या टाकायचं ठरवलं. त्यांचंही बरोबर होतं, उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडत होते. नानांनी त्यांना आठ दिवस थांबवलं. त्या आठ दिवसांत नानांच्याच दोन ओळी पाण्याविना राहिल्या, आणि ते उन्हात बसून नळ्यांचे तुकडे जोडत राहिले. मला हे कळलं त्यांच्या बोटांवरच्या चिरा बघून. त्या दिवशी मी प्रयोगशाळेचं दार लावून घेऊन रडले.

आठव्या दिवशी शेवटचा पिंजरा आला. त्यात एकच हडकुळा उंदीर. नाना पिंजरा ठेवून परतीच्या गाडीला गेले आणि मी कामाला बसले. मिठाच्या पाण्यात चार जंत वळवळत होते, त्यातला एक जरा आखूड. भिंगाखाली त्याचं शेपूट आलं आणि मला तो पडदा दिसला, दोन्ही काटे दिसले. मी नानांना फोन लावला. "नाना, नर सापडला!" "उद्या येतो," एवढंच ते म्हणाले. फोन बंद झाला.

नव्या जातीचं नाव अधिकृतपणे एकाच नमुन्यावर टिकतं, बाकीचे सगळे त्याच्या सोबतीला. "नराचाच नमुना घे, तसाच रिवाज आहे," ज्योत्स्नाबाई त्याच संध्याकाळी फोनवर म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, नियमात नर असं कुठंच लिहिलेलं नाही. मी नानांच्या पहिल्या पिंजऱ्यातली मादी घेतेय." बाई म्हणाल्या, "घे. आम्हीही आजवर नियम कमी आणि रिवाजच जास्त पाळला."

दुसऱ्या दिवशी नाना आले ते पिंजऱ्याशिवाय. हातात मिठाईचा पुडा. आत पेढे बघून माझं डोकंच फिरलं.

"नर सापडला म्हणून पेढे? नाना, नाव मी मादीवर नोंदवतेय. तो नर नुसता सोबतीला आहे."

नानांनी पुडा टेबलावर ठेवला आणि वाकून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "हीच का ती?"

"हो."

बराच वेळ ते बघत राहिले. मग पुड्यातून एक पेढा उचलून माझ्यापुढे धरला.

"हे त्याचे नही व, माय. तुह्ये हायेत. तू झाली तवा हलवायाले सांगून ठेवले होते. माही माय म्हने, तिसऱ्या पोरीचे पेढे कोनी वाटते का? अन् म्या तिचं ऐकलं. चुकलं माह्यं. लय दिवस राहून गेलं."

हातमोजे काढायचंही मला भान राहिलं नाही. नानांनीच पेढा भरवला. मग ते पुडा घेऊन व्हरांड्यात गेले, आणि शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत जो समोर येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत सांगू लागले, "घ्या, पेढा घ्या. मले पोरगी झाली."