डोळे हरणावर

"खाली बघितलंस तू," मी म्हटलं.

"नाही बघितलं."

"डेल्मर, मी समोर उभी आहे. बघितलंस."

"बुटाची नाडी सुटल्यासारखी वाटली म्हणून."

"नाडी बांधलेली आहे."

माझा भाऊ दुकानाच्या मधोमध, जमिनीपासून हातभर उंचीवर, चेरीच्या खोडाला लटकला होता आणि माझ्याशी खोटं बोलत होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. लहानपणीही खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. ते तेव्हाही झाले होते.

ते खोड माझ्या नवऱ्याने, लॉइडने, आमच्या हार्डवेअरच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत उभं केलं होतं. आमच्या डोंगरात धनुष्याने हरणाची शिकार करणारे बरेच जण झाडावर मचाण बांधत नाहीत, खोगीर वापरतात. खोगीर म्हणजे कमरेखालून जाणाऱ्या रुंद पट्ट्यांचा झोळा. दोर खोडाला, माणूस दोराला, तोंड खोडाकडे आणि पाय कशावर तरी टेकलेले. ते 'कशावर तरी' काय असावं, यावर आमच्याकडे भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे. कोणी खोडाभोवती छोट्या पायऱ्यांचं कडं आवळतो, कोणाला ताटाएवढी धातूची फळी पुरते, कोणाला त्याहून मोठी लागते.

लॉइडचा नियम एकच होता. खोगीर घाला, खोडावर चढा आणि समोरच्या भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे बघत खोडाभोवती एक पूर्ण फेरी मारा. हरीण पाठीमागे गेलं की मान वळवा, पण नजर त्याच्यावरच ठेवा. डोळे हरणावर, पाय झाडावर. जंगलात तुम्ही मान खाली घातलीत की हरणाला ते दिसतं आणि ते गेलंच म्हणून समजा. ज्याचा पाय आपली जागा आपण शोधत नाही, त्याला लॉइड ती वस्तू विकत नसे. "दुसरी लावून बघ," म्हणायचा. तो जाऊन अकरा वर्षं झाली. मीही विकत नाही.

आणि डेल्मरने खाली बघितलं होतं. एकदा नाही, तीनदा.

मुळात तो आत आला तेव्हाच मी चकित झाले होते. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "नेल्डा, ती सगळ्यात मोठी फळी काढ."

स्टोव्हजवळ व्हर्जिल कॉफी घेऊन बसला होता. चाळीस वर्षं आमच्या भागात टपाल वाटलं त्याने, आता लोकांच्या बातम्या वाटतो. तो म्हणाला, "मोठी? अरे, त्याच्यावर थँक्सगिव्हिंगची टर्की मांडून सहा माणसं जेवतील!"

"जेवतील. पण तुला बोलावणार नाही."

"गेल्या वर्षी माझी छोटी फळी बघून हसला होतास. म्हणालास, माणूस चार बोटांच्या पायरीवर उभा राहू शकत नसेल तर त्याने दुकानातून मटण आणावं."

"म्हातारा झालो रे. माणसाने बदलू नये का?"

"तू? तू अजून ऐंशी सालची टोपी घालतोस."

मी हसले, पण मला ते पटलं नाही. डेल्मर आणि मोठी फळी! ह्या माणसाचं सगळं शहाणपण पायांत होतं. सहा वर्षांचा असताना आमच्या ओढ्यात अनवाणी उतरून दगडाखालचे मासे अंगठ्याने शोधायचा आणि मला हाक मारायचा, "इथे आहे, हात घाल." मोठा झाल्यावर शाळेच्या बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये लागला, अडतीस वर्षं तिथेच राहिला. गाडीत काय बिघडलंय ते कळेना की बूट-मोजे काढायचा, इंजिन चालू ठेवायला सांगायचा आणि बसच्या पत्र्यावर नुसता उभा राहायचा. "मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग," म्हणायचा. मुलं खिडकीतून बघून खिदळायची. पण बेअरिंग तेच निघायचं.

त्याचं खोगीर मी शिवलेलं. त्र्याऐंशी साली, भंगारात निघालेल्या बसगाड्यांच्या ड्रायव्हरच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांचं. त्यानंतर दर सप्टेंबरात तो ते माझ्याकडे टाकायचा, मी झिजलेले पट्टे बदलायची, टाके पुन्हा घालायची. यंदा त्याने उशीर केला. शनिवारी हंगाम सुरू होणार आणि हा आला मंगळवारी, भर पावसात. ओले बूट काढून माझ्या शिवणाच्या खोलीत स्टोव्हपाशी ठेवले आणि मोज्यांवर बसून राहिला. चार पदरी पट्टा शिवताना माझी जाड सुई मोडली. वाकडी, तीन धारांची, लॉइडच्या आईकडून आलेली सुई होती ती. टोकाकडचा तुकडा कुठे उडाला, सापडेना. डेल्मर गेल्यावर मी लोहचुंबक घेऊन सगळी जमीन पालथी घातली, राखसुद्धा चाळली. नाहीच मिळाला. खोगीर दुसऱ्या सुईने पुरं केलं. खोडावरचा हा प्रसंग गुरुवारचा.

तर मी त्याला आधी त्याच्या सवयीचं पायऱ्यांचं कडं लावून दिलं. तीनदा खाली बघितलं. मग मधली फळी लावली. त्यावर त्याची डावी टाच पूर्ण बाहेर लटकत होती.

"टाच बाहेर आहे," मी म्हटलं.

"माहितेय."

असं म्हणून त्याने उजवा पाय आत घेतला.

व्हर्जिल हसायचा थांबला. मी डेल्मरच्या तोंडाकडे बघत राहिले. तो हरणाकडे बघत होता, अगदी निष्ठेने. त्या हरणाचा एक कान उंदरांनी कुरतडलेला आहे. डेल्मरचीच ती पहिली शिकार.

"मोठी लाव ना बाई," तो हळूच म्हणाला. "सांगतोय ना मघापासून."

मी मोठी लावली. तो चढला. फळी रुंद असल्यामुळे आता पाय कुठेही पडला तरी चालत होता. तो खोडाभोवती सरकू लागला. चेहरा एकदम मोकळा झाला. "बघ! एकदा तरी बघितलं का खाली?"

मी फळीकडे बघत होते. नव्या कोऱ्या पांढऱ्या धातूवर प्रत्येक उजव्या पावलाशी एक तांबूस ठसा उमटत होता. मला वाटलं, ग्रीस. बसगाड्या सुटल्या तरी ह्याच्या कपड्यांचं ग्रीस सुटत नाही. मी बोटाने पुसलं, बोट नाकाशी नेलं.

ग्रीस नव्हतं.

"डेल्मर, खाली उतर."

"अर्धी फेरी राहिलीय."

"खाली उतर म्हणते ना!"

मी त्याच्यावर अशी शेवटची ओरडले होते तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि गोठलेल्या तळ्यावर मधोमध उभा होता. तो उतरला. व्हर्जिलने शेजारची रिकामी खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. मी नाडी सोडली आणि उजवा बूट ओढला. आतून वास आला. मोजा तळाशी कडक झाला होता, पुठ्ठ्यासारखा. तो मी कात्रीने कापला. पायाच्या पुढच्या भागाचा रंग मी इथे लिहीत नाही. त्याच्या मधोमध, अंगठ्यामागच्या मांसात, काहीतरी चमकत होतं. मी चिमट्याने धरलं आणि ओढलं. दीड इंच बाहेर आलं. वाकडं, तीन धारांचं.

मंगळवारपासून. मंगळवार, बुधवार, गुरुवार दुपार. हा माणूस लाकडं फोडत होता, जिने चढत होता, माझ्या दुकानात खोडावर उभा होता, त्या सुईवर.

मी वर बघितलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. पायाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे, जसं कोणी डॉक्टरकडे बघतं.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"दुखत नाही तुला?"

"काय दुखायचंय?"

त्याने गंमत केली नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं की मी आत्ता त्याच्या पायातून काही उपसलं.

मी सुई त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट केली.

"तुझीच ना ही?"

"हो."

"मग सापडली की," तो म्हणाला.

व्हर्जिल तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. मी विचारलं, "किती दिवस?"

"दोन वर्षं होत आली. साखरेमुळे होतं, डॉक्टर म्हणाला. आधी बोटं गेली. म्हणजे आहेत, पण गेली. आता घोट्यापर्यंत काही नाही."

"आणि तू वीस फुटांवर चढत होतास? मागच्या वर्षीही?"

"बघून बघून चढत होतो. खाली बघत. मागच्या वर्षी एकही हरीण मिळालं नाही ते उगाच का?" मग एकदम माझं मनगट धरलं. "नेल्डा, रोंडाला सांगू नकोस. शनिवार होऊ दे. बाबांचा ओक आहे, यंदा खाली ओंजळी भरून फळं पडलीत, रोज येताहेत हरणं. एक शनिवार. रविवारी मी स्वतः डॉक्टरकडे जातो, शप्पथ. मला फक्त ती मोठी फळी दे. ती असली की बघावं लागत नाही."

रोंडा त्याची मुलगी. शेजारच्या खोऱ्यात राहते. आईच्या माघारी बापाचं सगळं तीच बघते.

त्याचं खोगीर काउंटरवर घडी घालून ठेवलेलं होतं. फेरीसाठी त्याला मी दुकानातलं दुसरं दिलं होतं. चाळीस वर्षं दर शरदात मी ते त्याच्या हातात दिलं होतं आणि दर वेळी म्हटलं होतं, "माझ्या टाक्यांवर विश्वास ठेव." मी ते उचललं, शिवणाच्या खोलीत नेऊन कपाटात ठेवलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. मग फोनपाशी गेले.

"नेल्डा, ठेव तो फोन."

मी नंबर फिरवला.

"ठेव म्हणतोय. बहीण आहेस ना माझी?"

पलीकडून रोंडा "हॅलो" म्हणाली. मी त्याच्याकडे पाठ करून बोलले. त्याच्याकडे बघत बोलणं मला जमलं नसतं.

शनिवारी, ज्या सकाळी तो ओकवर असायचा, त्या सकाळी इस्पितळात त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली. पुढच्या आठवड्यात उरलेली तीन. मी भेटायला गेले तर त्याने भिंतीकडे तोंड केलं. सात आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. सुईचा दुसरा तुकडा माझ्या टाचणगादीत तसाच खोचलेला होता. तो काढायला माझा हात होत नव्हता. रोंडा म्हणाली, "आत्या, ती सुई नसती तर बाबा शनिवारी वर चढला असता." तिने चांगल्या मनाने म्हटलं. त्यावर मला काय वाटतं ते अजून कळत नाही.

नोव्हेंबर संपता संपता, बंदुकीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, दारावरची घंटा वाजली. डेल्मर एकटाच आत आला. हातात काठी, उजव्या पायात वेगळ्याच आकाराचा बूट. रोंडाची गाडी बाहेर उभी होती.

व्हर्जिल ताडकन उठला. त्या खुर्चीवरून त्याला कोणासाठी उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बस तू," डेल्मर म्हणाला. "मी काय पाद्री आहे?" मग माझ्याकडे वळला. "खोगीर आहे?"

"आहे."

"आण."

"डेल्मर, नाही."

"झाडावर नाही गं. इथे."

मी कपाट उघडलं. त्याने खोगीर स्वतः बांधलं. बोटांना सगळं पाठ होतं. बक्कल, दोर, गाठ, गाठ ओढून बघणं. मी विचारलं, "कोणती फळी लावू?"

"फळी नको. माझं कडं लाव."

चार बोटांच्या त्या पायऱ्या. मी त्या खोडाभोवती आवळल्या, घोट्याएवढ्या उंचीवर. व्हर्जिलने त्याला काखेत धरून वर घेतलं. दोर ताणला, पट्टे कुरकुरले, टाके बसले. डेल्मरने मान वर केली आणि कुरतडलेल्या कानाच्या हरणाकडे नजर लावली.

"आता मला सांग," तो म्हणाला.

बूट घालून बघायला गिऱ्हाइकांना देतो ते बुटकं स्टूल मी ओढलं आणि खोडापाशी बसले. त्याचा डावा घोटा हातात धरला. किती हलका होता.

"डावा. अजून. अजून थोडा. टेकला."

त्याने वजन टाकलं.

"उजवा. अलीकडे आण. पुढे बोटं नाहीत, टाचेवर घे. हां. टेकला."

खोडाभोवती आठ पायऱ्या असतात. मी स्टूल सरकवत गेले, तो सरकत गेला. हरणाकडे तोंड करून निघून मागच्या शेल्फांकडे, खिळ्यांच्या पेट्यांकडे, खिडकीकडे. शेल्फांकडे तोंड झालं की हरीण पाठीमागे येतं, तिथे त्याने मान हळूहळू वळवली, जंगलात वळवतात तशी. आम्ही किती वेळ घेतला कोण जाणे. एक गिऱ्हाईक दार उघडून आत आलं, उभं राहिलं, आणि त्याने आवाज होऊ नये म्हणून दार हाताने धरून लावलं.

"डावा. टेकला. उजवा. झालं. पोचलास."

त्याने बक्कल सोडलं. व्हर्जिलने खाली घेतलं. मग काउंटरवर खोगीर पसरून त्याने त्याची घडी घातली, मी घालते तशी, पट्टे आत, बक्कल वर, आणि ती माझ्याकडे सरकवली.

"पट्टे चांगले आहेत अजून. कोणाला तरी दे. पण फेरी मारून घे आधी त्याच्याकडून."

"घेईन."

काठी घेऊन तो दारापर्यंत गेला. तिथे थांबला आणि वळून भिंतीवरच्या हरणाकडे बघितलं.

"दिसलो का मी त्याला?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला काही कळलंच नाही."