सहाणेवरचं सोनं

लुंबिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. नांदेडला विद्यापीठात ती सोन्याच्या कणांवर संशोधन करते, आणि चुलतभावाच्या लग्नात मांडवात बसून तिनं हे सगळ्यांना ऐकवलं होतं. सोन्याचा इतका बारीक कण करायचा, की डोळ्यांना दिसू नये. त्यावर औषध लादायचं आणि नेमकं कॅन्सरच्या गाठीपाशी नेऊन उतरवायचं. केस जाणार नाहीत, उलट्या नाहीत! बायका थक्क झाल्या, लुंबिनीला बरं वाटलं. हे सारं अजून काचेच्या बशीतल्या पेशींवरच चाललंय, एवढं सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, तिनंच ते गाळलं.

पुढं दोन महिन्यांनी ती नायगावला चांगुणाआत्याकडं गेली. आत्याच्या छातीत गाठ होती, लातूरच्या दवाखान्यात केमो चालू होती. दारातच आत्या सहाणेवर मधात सोन्याचा मणी उगाळत बसलेली. घरात तान्हं लेकरू तर कुणी नव्हतं.

"कुणाला गं हे चाटण, आत्या?"

"मलाच की. तूच म्हणलीस न्हवं, बारीक केलेलं सोनं गाठीवर जातंय म्हणून? रोज घेऊन राहिले." आत्यानं पदर मागं सारला. "बघ, केस बी आले."

"आणि लातूर?"

"दोन तारखा गेलेच न्हाई. मरणाच्या उलट्या त्या! कशाला जाऊ?"

लुंबिनीच्या ध्यानात आलं. केमो थांबली म्हणून केस आले होते.

"आत्या, उगाळलेलं सोनं गाठीवर जात न्हाई गं. आमचे कण वेगळे, आणि ते बी अजून माणसाला देत न्हाईत."

"मग कधी देणार?"

"धा-पंधरा वरीस लागतील. कदाचित कधीच न्हाई."

आत्यानं मणी पदरानं पुसला. "मग मांडवात कशाला सांगितलंस, पोरी?"

शरमेनं लुंबिनीची मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं दोघी लातूरला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कागद चाळले. "गाठ वाढलीय. अजून हाताबाहेर गेली नाही. पण दोन तारखा का चुकवल्या?"

"सोयाबीन काढायला माणसं मिळंनात," आत्या पटकन म्हणाली.

लुंबिनीला वाटलं, गप बसावं. आत्यानं तिला अलगद सोडवलं होतं. पण ते तिला गिळवेना.

"नाही मॅडम. माझ्यामुळं चुकल्या. आमच्या सोन्याच्या कणांच्या औषधाबद्दल मी हिला अर्धंच सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. तशी आत्या खुर्चीतून पुढं सरकली.

"ते लिहू नका बाई," ती म्हणाली. "लेकरू अजून शिकून राहिलंय."