दाराला पाठ लावून

फिलिपने बॅग पायानेच उंबऱ्याच्या आत सरकवली आणि नोहा बॅगेमागून खोलीत शिरताच दार ओढून घेतलं. अडीच वर्षांनी घरी आलेल्या मुलाला त्याने ना जवळ घेतलं, ना धड पाहिलं. मुंबईच्या विमानतळावरची टेस्ट निगेटिव्ह आली होती. तरी इंग्लंडहून येणाऱ्याने सात दिवस घरात वेगळं राहायचं आणि मग पुन्हा टेस्ट करायची, असा त्या डिसेंबरातला नवा नियम होता. ओमायक्रॉनच्या बातम्यांनी गावं परत धास्तावली होती, आणि फिलिप तर नियमाच्या रेषेवरून तसूभर न हलणारा माणूस.

"आतून कडी लाव," तो बाहेरून म्हणाला. म्हणाला म्हणजे ओरडलाच. "आन काय लागलं तर खिडकीला ये. तोंड दिसलं का कळतं मला."

साखर कारखान्यात उसाच्या मिलवर त्याची सगळी नोकरी गेली होती. कान कामातून गेले होते, आवाज तेवढा शाबूत राहिला होता. समोरच्याचे ओठ दिसले तरच त्याला बोलणं उमगे. मास्क आल्यापासून तर त्याच्या लेखी सगळं जगच गप्प झालं होतं.

नोहाने कडी लावली. खोली लख्ख होती. फिनेलचा वास येत होता, खाटेवर नवी चादर होती. याच खोलीत एप्रिलमध्ये त्याच्या आईला, मरियाला, वेगळं ठेवलं होतं. इथूनच तिला हॉस्पिटलात नेलं आणि ती परत आली नाही. तेव्हा विमानं बंद होती. किट घातलेल्या चौघांनी तिला कबरस्तानात पुरलं, ते नोहाने लंडनजवळच्या आपल्या खोलीत बसून मोबाईलवर पाहिलं. नेटवर्क जात होतं. शेवटचं प्रार्थनेचं वाक्य अर्धंच ऐकू आलं होतं.

"शांतपणे गेली," फिलिपने फोनवर सांगितलं होतं. नोहा स्वतः हॉस्पिटलात नर्स होता. त्या वर्षभरात हेच वाक्य त्याने कितीतरी घरांना फोनवरून सांगितलं होतं, आणि त्यातलं खरं किती होतं ते त्याला ठाऊक होतं. म्हणून तो आला होता. आई या खोलीत कशी राहिली, एवढं एकदा बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. नाहीतर त्याला झोप लागणं कठीण होतं.

बॅग ठेवताना त्याला दारावरचा डाग दिसला. दाराचा निळा रंग नवाच होता, पण आतल्या बाजूला कमरेएवढ्या उंचीवर एक काळपट गोल उमटला होता. त्याने वाकून वास घेतला. खोबरेल. एवढ्या खाली डोक्याचं तेल लागायचं, तर माणसाला जमिनीवर बसून दाराला टेकावं लागेल, आणि तेही रोज.

तो खाटेवर बसला. भूक लागली होती ती मेली.

दुपारी चपला वाजल्या. दाराला बाहेरून कसलं तरी वजन आलं आणि फळ्या करकरल्या. फिलिप दाराला पाठ लावून खाली बसला असावा.

"पेरूच्या बागेत पोपट लई झालेत औंदा," त्याचा आवाज आला. "गहिनीनाथ दिवसभर डबा बडवत फिरतो. पोपट बसत्यात ते बसत्यातच, आपलीच झोप जाती."

नोहाला हसू आलं. बाबा आपल्याशी गप्पा मारायला आले, या विचाराने त्याला बरं वाटलं. तो दाराजवळ सरकला.

"गहिनीनाथकाका अजून बागेच्या राखणीलाच का?" त्याने मोठ्याने विचारलं.

फिलिप आपल्याच नादात बोलत राहिला. दुधाचा रतीब बदलला होता. चर्चच्या पायरीची फरशी फुटली होती. नाताळ जवळ आला, पण चांदणी लावायला हात धजत नव्हता. मग तो थांबला आणि अगदी हळू, म्हणजे त्याच्या मानाने हळू, म्हणाला, "ऐकतीस ना, मरिया?"

नोहाचं हसू तिथेच थिजलं. थोड्या वेळाने फिलिप भिंतीला धरून उठला आणि चपला ओढत गेला.

संध्याकाळी तो अंगणात येऊन खिडकीसमोर उभा राहिला तेव्हा मात्र नेहमीसारखा मोजकंच बोलला. जेवलास का, अंगात कणकण न्हाई ना, चादर पुरती का.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. आपल्या हातच्या भाकरी चिरतात, शेवग्याला शेंगा धरल्यात, शेजारच्या छबूबाईच्या नातीचं लग्न ठरलं. आणि शेवटी आवाज उतरला.

"मी दार उघडलं न्हाई त्या दिवशी. मनात काय न्हाई ना गं तुझ्या?"

नोहाला ते ऐकवेना. आपण आत आहोत एवढं तरी बाबांना कळावं, म्हणून त्याने बोटाच्या पेराने दारावर एकदा ठोकलं.

बाहेर काहीतरी धडपडलं. पावलं धावत घराला वळसा घालून अंगणात आली. फिलिप खिडकीत उभा राहिला. मास्क गळ्यात होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू ठोकलंस?"

"हो, बाबा. मीच."

फिलिपने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"ठोकत जाऊ नको," तो म्हणाला. "खिडकीला येत जा."

"बाबा, आई इथं..."

पण तो वळला होता, आणि वळलेल्या फिलिपला बोलून उपयोग नव्हता.

छबूबाई रोज सकाळी ताप बघायला यायची. ती गावची आशाताई. शेजारीच राहायची आणि नोहाला लहानपणी पोलिओच्या डोसाला तिनेच नेलं होतं. खिडकीच्या गजातून ती ताप मोजायचं पिस्तूल त्याच्या कपाळाशी धरी.

"तिकडं गोऱ्यांना सुया टोचतो आन हितं माझ्यापुढं कपाळ धरतो," ती म्हणाली. "बारीक झालास पर. खात न्हाईस?"

"छबूमावशी, बाबा दुपारी दाराशी बसतात."

तिचं हसणं थांबलं. "व्हय. बसत्यात."

"आई असल्यापासून?"

"न्हाईतर काय. फिलिपदादांना ऐकू येतं कुठं? तुझी आई बोलायला जायची आन दम लागायचा. मग दादांनीच काढलं ते. मिलवर म्हनं असंच करायचे. कानाला कळत न्हाई ते पाठ टेकली का कळतं, मशीन कुठं अडलं ते. तसं ते बाहेर बसायचे पाठ लावून, ती आत. ते बोलायचे आन ती एक ठोका द्यायची. एक ठोका म्हंजे बरं हाय."

"आणि शेवटच्या दिवशी?"

छबूबाईने पिस्तुलाचं बटण उगाच दाबलं. "त्या दिशी लई ठोके दिले तिनं. दादा पळत माझ्याकडं आले. कायबी झालं तरी दार उघडायचं न्हाई म्हनून मीच बजावलं हुतं ना त्यांना. मी किट चढवून येईस्तोवर..." ती थांबली. "दार ढकललं तर ढकलंना. ती दारालाच टेकलेली. आतली कडी काढलेली हुती बघ तिनं. पर बाहेर आली न्हाई. दादांना व्हईल म्हनून."

पेरूच्या बागेत डबा वाजत होता. नोहाने गज धरले.

"आन ही खोली तर तिनं तुझ्यासाठी काढली हुती," छबूबाई म्हणाली. "फेब्रुवारीत. तू येनार म्हनून दाराला रंग मारला स्वतः. तुझं काय यायचं झालं न्हाई."

ती गेल्यावर तो दाराशी खाली बसला. तुझं काय यायचं झालं नाही. किती साध्या शब्दांत सांगितलं तिने! फेब्रुवारीत त्याला दोन आठवड्यांची सुट्टी मिळाली होती. इंग्लंडहून येणाऱ्यांना तेव्हा आधी मुंबईत हॉटेलात कोंडत आणि नंतर घरात. "सगळी सुट्टी कोंडूनच जाईल गं," तो आईला म्हणाला होता. "कोंडून तर कोंडून," ती म्हणाली होती. "घरी आल्यावर दाराआडून बोलू की आपन." तो गेला नाही. नियम आडवा आला असं त्याने सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तो थकला होता, आणि नियमाने त्याची सोय केली होती. ती सुट्टी त्याने झोपून काढली. हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, पण त्याला स्वतःला ते विसरता येत नव्हतं.

रोज दुपारी फिलिप येत राहिला आणि रोज शेवटी तेच विचारत राहिला. मनात काय न्हाई ना गं तुझ्या? मग तो वाट बघत बसायचा. आत नोहा त्याच डागाला डोकं टेकून असायचा. त्याचा हात उचलला जायचा आणि पुन्हा मांडीवर यायचा. एक ठोका दिला तर म्हातारा सुटेल, हे कळत होतं. पण आईच्या वतीने बोलायचा हक्क आपल्याला कुणी दिला, असं त्याला वाटे. या घरात तो हक्क सगळ्यात कमी कुणाचा असेल, तर त्याचाच.

शेवटी सात दिवस भरले. दुसरी टेस्टही निगेटिव्ह आली. छबूबाईने फाटकावर चिकटवलेला क्वारंटाइनचा कागद फाडून चोळामोळा केला आणि नोहा कडी काढून बाहेर आला. फिलिपने त्याच्या दोन्ही खांद्यांना हात लावून बघितलं, जणू बाजारातून आणलेली वस्तू नीट आहे की नाही. मग चहा ठेवायला आत गेला. नोहाने मागे वळून दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाजूलाही, तेवढ्याच उंचीवर, तसाच एक डाग होता. आतल्यापेक्षा मोठा आणि काळा.

जेवणं झाली. सवयीने फिलिप खोलीपाशी आला. दार सताड उघडं होतं. चौकटीला हात लावून तो आत बघत राहिला, खाटेकडे, घडी घातलेल्या चादरीकडे. टेकायला काही उरलं नव्हतं. तो ओसरीवर येऊन बसला आणि आपल्या जाड बोटांकडे पाहू लागला.

नोहा त्याच्या समोर उभा राहिला. ओठ दिसतील असा.

"मी पडतो जरा आत, बाबा."

फिलिपने मान हलवली.

नोहाने खोलीत जाऊन दार लोटलं, कडी लावली आणि खाली बसला. पाठ दाराला, डोकं डागाला. या वेळी त्याने मनाशी ठरवलं होतं. बाबा विचारतील तेव्हा ठोका द्यायचा. हक्क असो नसो.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग चपला वाजल्या आणि फळ्या करकरल्या. मधल्या लाकडातून त्याला बापाच्या पाठीचं वजन कळत होतं.

"मरिया, पोरगं सुटलं आज," फिलिप म्हणाला. "दोन भाकरी खाल्ल्या. चिरलेल्याच हुत्या, पर खाल्ल्या."

नोहाने बोट दुमडून हात तयार ठेवला.

"फेब्रुवारीचं घेऊन बसलंय मनात. बोलत न्हाई, पर मला दिसतं. तोंड दिसलं का कळतं मला." तो घुटमळला. "उशिरा आलं गं, पर आलं. तुझ्या मनात काय न्हाई ना त्याच्याबद्दल?"

नोहाचा हात हवेतच राहिला. बापासाठी आणलेला ठोका स्वतःसाठी वाजवता येईना. त्याने खूप प्रयत्न केला. बोट दारापासून वीतभरावर होतं आणि तेवढंच अंतर तुटत नव्हतं. त्याने तो हात तोंडावर दाबून धरला, कारण दुसरं काही त्याला सुचलं नाही.

बाहेर फिलिप वाट बघत होता.

मग नोहाच्या पाठीत, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, बाहेरच्या बाजूने एक ठोका उमटला. एकच.

रोज या वेळेला फिलिप भिंतीला धरून उठायचा. आज तो उठला नाही. दारावरचं वजन तसंच होतं. नोहाने तोंडावरचा हात काढला, पाठीमागे नेला आणि ठोका द्यायला लाकूड चाचपलं.